हायब्रिड गाडीचे टायर बदलताना भाव कसा काढावा

टायरचा भाव विचारला की दुकानदार एका टायरची किंमत सांगतो. त्या एका आकड्यावरून फारसं काही कळत नाही. त्यात फिटिंग, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह, कर धरले आहेत की नाही, तो टायर किती हजार किलोमीटर चालेल आणि तो लावल्यावर गाडीचं ॲव्हरेज किती बदलेल, हे सगळं बाहेरच राहतं. हायब्रिड घेतली ती ॲव्हरेजसाठी, त्यामुळे शेवटचा मुद्दा तर सोडून चालतच नाही. तुलना करायची ती चारही टायर गाडीला बसून गाडी रस्त्यावर येईपर्यंतच्या एकूण खर्चाची, आणि तीही दर हजार किलोमीटरमागे. खालच्या पायऱ्या हा आकडा काढण्यासाठी आहेत.

पायरी १: आधी जुने टायर नीट बघा

गाडी सपाट जागी उभी करा आणि स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या टायरची नक्षी समोर दिसते. नक्षीच्या खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. साइडवॉलच्या वरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' अशी अक्षरं असतात, ती या उंचवट्यांची जागा दाखवतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला, आणि बऱ्याच देशांत कायद्यानेही तो संपलेला असतो. ओल्या रस्त्यावरची पकड मात्र त्याच्या बरीच आधी, साधारण ३ मिलिमीटरपासून, झपाट्याने कमी होऊ लागते.

म्हणून खरेदीची तयारी ४ मिलिमीटरला सुरू करा. टायर पार गोटा झाल्यावर दुकानात गेलात तर जे स्टॉकमध्ये असेल ते, सांगतील त्या भावाला घ्यावं लागतं. हातात महिना-दीड महिना असेल तर चार ठिकाणी विचारता येतं, टायर मागवून घेता येतो, सवलतीची वाट बघता येते.

खोली मोजायला साधं ट्रेड डेप्थ गेज पुरतं. प्रत्येक टायरची तीन मापं घ्या: आतली कड, मधोमध, बाहेरची कड. चार टायरचे बारा आकडे लिहून ठेवा, सोबत गाडीचं रनिंगही लिहा. हे आकडे पुढे हिशोबात लागतील, आणि गाडीत काय बिघडलंय तेही सांगतील. दोन्ही कडा जास्त घासल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा सतत कमी राहिली. मध्य जास्त घासला असेल तर हवा जास्त होती. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली असेल तर व्हील अलाइनमेंट बिघडलंय. नक्षीवरून हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखं बोचत असेल, तर चाकांचा टो, म्हणजे चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप, चुकला आहे. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग तपासा.

ही दुरुस्ती टायर बदलण्याआधी किंवा बदलतानाच व्हायला हवी. टो चुकलेल्या गाडीला महागडे टायर लावले तर त्यांची कड काही हजार किलोमीटरमध्ये जाते, आणि मग भावात केलेली सगळी घासाघीस वाया जाते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हायब्रिडमध्ये पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर झिजतात. मोटरचा जोर तिथेच लागतो आणि ब्रेक दाबल्यावर मोटर जनरेटर होऊन वेग कमी करते तोही याच चाकांमार्फत. त्यामुळे पुढे ३ आणि मागे ५ मिलिमीटर असं माप निघालं तर तो बिघाड नाही, वेळेवर टायरची अदलाबदल झाली नाही इतकाच त्याचा अर्थ.

पायरी २: साइज पूर्ण लिहून घ्या, अर्धा नको

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. साइज तिथून घ्या. टायरवरून घेऊ नका, कारण आधीच्या मालकाने किंवा दुकानाने भलताच साइज चढवलेला असू शकतो. समजा स्टिकरवर '१९५/६५ आर १५ ९१ एच' असं आहे. १९५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ हा रिमचा व्यास इंचांत. ९१ हा भार निर्देशांक: एका टायरने ६१५ किलो पेलावेत. एच ही वेगमर्यादा, ताशी २१० किलोमीटर.

दुकानात सगळे '१९५-६५-१५' एवढंच बोलतात आणि शेवटचे दोन भाग गळतात. हायब्रिडच्या बाबतीत तेच महत्त्वाचे. बॅटरीमुळे गाडी तिच्या पेट्रोल भावंडापेक्षा जड असते, बाहेरून चार्ज करता येणारी प्लग-इन हायब्रिड तर आणखी जड. म्हणून भार निर्देशांक स्टिकरवर आहे तेवढा किंवा त्याहून जास्तच हवा. ८८ म्हणजे ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५, ९५ म्हणजे ६९०. स्टिकरवर 'एक्सएल', म्हणजे जास्त भार पेलणारा टायर, असं लिहिलं असेल तर टायरही एक्सएलच घ्या. स्वस्तात मिळालेला टायर याच एका आकड्यात कमी निघाल्याची उदाहरणं भरपूर सापडतात.

वेगाच्या अक्षराचंही असंच: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. सांगितलेल्यापेक्षा खालचं नको. वरचं चालतं, पण त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात हायब्रिडला काही मिळत नाही.

पायरी ३: साइजमुळेच टायर महाग पडतोय का, बघा

काही साइज जगभर लाखो गाड्यांना लागतात, आणि त्यात दहा कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करतात. १९५/६५ आर १५ हा तसा. टोयोटा प्रियस या हायब्रिड गाडीच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीला तो चालतो, म्हणून त्यांच्या मालकांना निवड भरपूर मिळते. पाचव्या पिढीच्या प्रियसला मात्र १९५/६० आर १७ आणि वरच्या प्रकाराला १९५/५० आर १९ असे मोठे पण अरुंद टायर दिले आहेत. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून ही अरुंद चाकं. पण हे साइज फार थोड्या गाड्यांना लागतात, त्यामुळे बनवणारे मोजके, सवलती कमी आणि टायर कधी कधी आठवडाभर मागवून ठेवावा लागतो. अशा साइजची गाडी असेल तर वर सांगितलेली दीड महिन्याची सवड दुप्पट करा.

बचतीची सर्वांत मोठी संधी याच पायरीत दडलेली असते. एकाच गाडीचे स्वस्त आणि महाग प्रकार बहुतेक वेळा वेगवेगळ्या रिमवर येतात. तिसऱ्या पिढीची प्रियस १५ इंचावरही होती आणि १७ इंचावरही, १७ इंचाला टायर २१५/४५. व्यास काढून बघा. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात १९५ च्या ६५ टक्के म्हणजे १२६.७५ दोनदा मिळवा: ६३४.५ मिलिमीटर. १७ इंच म्हणजे ४३१.८, त्यात ९६.७५ दोनदा: ६२५.३ मिलिमीटर. फरक दीड टक्क्याच्या आत. १७ इंची गाडीचा मालक १५ इंची रिमचा चांगला वापरलेला संच घेऊन त्यावर स्वस्त, सहज मिळणारे टायर चढवू शकतो. गाडी खड्ड्यात मऊ जाते, अरुंद टायरमुळे ॲव्हरेजही सुधारतं, आणि पुढच्या प्रत्येक बदलाच्या वेळी बचत होत राहते.

मात्र छोटा साइज गाडीच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये त्याच मॉडेलसाठी दिलेला असायलाच हवा. काही गाड्यांच्या वरच्या प्रकारात ब्रेकची डिस्क मोठी असते आणि लहान रिम कॅलिपरला घासते. रिमचे नटांचे अंतर, मधलं भोक आणि ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते ते माप) जुळतात का, हेही बघावं लागतं. उलट दिशेला, म्हणजे दिसायला छान म्हणून रुंद टायर, जाऊ नका. टायर महाग, ॲव्हरेज कमी, पावसात पाण्यावर तरंगण्याचा धोका जास्त.

पायरी ४: रोलिंग रेझिस्टन्स समजून घ्या, मग 'इको'साठी किती द्यायचे ते ठरवा

टायर फिरताना प्रत्येक फेऱ्यात जमिनीला टेकणारा भाग दबतो आणि सुटतो. रबर दबताना घेतलेली ऊर्जा सुटताना पूर्ण परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते. हाच रोलिंग रेझिस्टन्स. नक्षीच्या रबरात काजळीऐवजी बराचसा सिलिका वापरला की ही उष्णता कमी होते आणि ओल्या रस्त्यावरची पकडही टिकते. मिशेलिनने १९९२ मध्ये असा टायर बाजारात आणला आणि नंतर सगळ्याच मोठ्या कंपन्या त्या वाटेने गेल्या. ब्रिजस्टोनचा इकोपिया, कॉन्टिनेंटलचा इकोकॉन्टॅक्ट, योकोहामाचा ब्लूअर्थ ही याच कुळातली नावं.

हायब्रिडला हा मुद्दा इतर गाड्यांपेक्षा जास्त लागू पडतो. ब्रेक मारताना वाया जाणाऱ्या ऊर्जेतली बरीचशी हायब्रिड परत बॅटरीत भरते. टायरमध्ये उष्णता होऊन गेलेली ऊर्जा मात्र कुठलीच गाडी परत मिळवू शकत नाही. त्यामुळे वाया जाणाऱ्या एकूण ऊर्जेत टायरचा वाटा वाढतो.

युरोपातल्या टायरवर मे २०२१ पासून नवं लेबल असतं. त्यावर इंधन कार्यक्षमता आणि ओल्या रस्त्यावरची पकड या दोन्हींना ए ते ई असे वर्ग, आणि आवाज डेसिबलमध्ये. तुमच्या देशात लेबल सक्तीचं नसलं तरी तोच टायर युरोपात विकला जात असेल तर त्याचं लेबल कंपनीच्या संकेतस्थळावर सापडतं. फक्त साइज आणि निर्देशांक तंतोतंत तोच आहे ना, हे बघा. एकाच मॉडेलचे वेगवेगळे साइज वेगवेगळ्या वर्गांत पडतात. प्रवासी गाडीच्या टायरला दर टन भारामागे ६.५ किलोपर्यंत रेझिस्टन्स असेल तर ए, ७.७ पर्यंत बी, ९.० पर्यंत सी, १०.५ पर्यंत डी, त्यापुढे ई.

आता हिशोब. रोलिंग रेझिस्टन्स १० टक्के बदलला तर इंधनात साधारण १ ते २ टक्के फरक पडतो. बी आणि सी वर्गांच्या मध्यावरच्या टायरमध्ये सुमारे १७ टक्के अंतर आहे, म्हणजे इंधनात २ ते साडेतीन टक्के. हायब्रिडसाठी वरचा आकडा धरा. तुमची गाडी १०० किलोमीटरला ४.५ लिटर पीत असेल तर ५०,००० किलोमीटरमध्ये २,२५० लिटर लागतील. त्यातले २ ते साडेतीन टक्के म्हणजे साधारण ४५ ते ८० लिटर. चार टायरच्या पूर्ण आयुष्यात एका वर्गाचा फरक एवढाच. तुमच्याकडच्या इंधनाच्या दराने त्याला गुणा: बी वर्गाच्या संचासाठी सी वर्गापेक्षा जास्त द्यायची कमाल रक्कम ती. दुकानदार टक्केवारीत बोलेल, तुम्ही लिटरमध्ये बोला. हायब्रिड मुळातच कमी पिते, म्हणून टक्के मोठे दिसले तरी लिटर थोडेच असतात.

ओल्या रस्त्यावरच्या पकडीत मात्र पैसे वाचवू नका. ताशी ८० किलोमीटरवरून थांबताना एका वर्गाने काही मीटरचा फरक पडतो, आणि त्या मीटरांची भरपाई कुठल्याही ॲव्हरेजने होत नाही. इंधनात ए आणि पकडीत सी असलेल्या टायरपेक्षा इंधनात बी आणि पकडीत ए असलेला टायर केव्हाही चांगला.

विजेच्या गाड्यांसाठी म्हणून वेगळी खूण असलेले टायरही दाखवले जातील. ते जास्त वजनासाठी बांधलेले असतात आणि महाग असतात. भार निर्देशांक साध्या इको टायरने भागत असेल तर हायब्रिडला त्यांची गरज नाही. आतून फोम चिकटवलेले शांत टायरही असेच: नुसत्या मोटरवर चालताना गाडीत टायरचाच आवाज येतो, तेव्हा ते सुखाचे वाटतात, पण पंक्चर काढताना आधी फोम कापावा लागतो आणि सगळी दुकानं ते करत नाहीत.

पायरी ५: टायर किती चालेल याचा अंदाज काढा

इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. रोलिंग रेझिस्टन्स कमी करण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे नक्षीच उथळ ठेवणं. गाडीसोबत कारखान्यातून आलेले टायर बऱ्याचदा असे असतात, आणि त्याच नावाचा बाजारातला टायर वेगळा निघू शकतो. म्हणून भावासोबत नव्या टायरची नक्षी किती मिलिमीटर खोल आहे हे नक्की विचारा. कंपनीच्या तांत्रिक तक्त्यात ते असतं. ८ मिलिमीटरचा टायर ३ मिलिमीटरपर्यंत वापरला तर ५ मिलिमीटर कामी आले. ६.५ चा वापरला तर साडेतीन. रबर सारखंच असेल तर दुसऱ्याचं आयुष्य ३० टक्क्यांनी कमी. तो १५ टक्के स्वस्त मिळत असेल तरी महागच पडला.

आता जुन्या टायरचे लिहून ठेवलेले आकडे काढा. समजा ते ७.५ मिलिमीटरचे होते आणि ४०,००० किलोमीटरनंतर ३.५ उरले, म्हणजे दर १०,००० ला १ मिलिमीटर. तुमच्या रस्त्यांवर, तुमच्या चालवण्याने होणारी ही झीज कुठल्याही जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर ट्रेडवेअरचा, म्हणजे नक्षी किती टिकेल याचा, आकडा कोरलेला असतो. एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो उपयोगी पडतो, कारण ४०० पेक्षा ६०० वाला जास्त टिकेल. दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे मात्र शेजारी ठेवू नका, प्रत्येक कंपनी आकडा आपापल्या पद्धतीने ठरवते.

मग सोपा भागाकार. 'क' टायरच्या संचाचा बसवून एकूण खर्च १०० धरा आणि आयुष्य ४०,००० किलोमीटर: दर हजारी २.५. 'ख' चा खर्च १२५ आणि आयुष्य ६०,०००: दर हजारी २.०८. एक चतुर्थांश महाग दिसणारा टायर प्रत्यक्षात स्वस्त. यात वर काढलेला इंधनाचा फरक मिळवला की निर्णय जवळपास होतोच. फक्त एक बघा: तुम्ही ती गाडी अजून तेवढे किलोमीटर चालवणार आहात का? वर्षभरात विकायची असेल तर ६०,००० चालणाऱ्या टायरचा फायदा पुढच्या मालकाला मिळेल.

पायरी ६: चार ठिकाणी एकाच शब्दांत विचारा

टायर कंपनीचं विक्री केंद्र, अनेक ब्रँड ठेवणारं दुकान, ऑनलाइन विक्रेता आणि गाडीच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर, या चारही ठिकाणी विचारा. सर्व्हिस सेंटर महागच असणार असं गृहीत धरू नका. ठराविक मॉडेलचा साठा तिथे कधी कधी चांगल्या भावात असतो. मेसेज सगळीकडे हुबेहूब सारखा पाठवा, म्हणजे उत्तरांची तुलना करता येते:

'१९५/६५ आर १५, ९१ एच, अमुक मॉडेल, चार नग. टायर सहा महिन्यांच्या आतले हवेत. फिटिंग, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह किंवा प्रेशर सेन्सरचा सर्व्हिस किट, अलाइनमेंट, जुन्या टायरची विल्हेवाट आणि सर्व कर धरून एकूण रक्कम कळवा. वॉरंटी किती आणि कोणाची, तेही लिहा.'

एका नगाचा कमी भाव सांगून बाकी सगळं वर लावण्याची पद्धत या एका मेसेजने बंद होते. गाडीत थेट दाब मोजणारे सेन्सर असतील तर त्यांचा सर्व्हिस किट, म्हणजे सील, नट आणि व्हॉल्व्हचा गाभा, प्रत्येक बदलाच्या वेळी नवा घालतात. तो स्वस्त असतो. सेन्सरच्या आतली बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते. सेन्सर जुने झाले असतील तर टायर उतरलेला असतानाच बदला, नाहीतर फिटिंगची मजुरी पुन्हा भरावी लागते. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्याची गरज नाही, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

ऑनलाइन घेणार असाल तर आधी बसवणाऱ्याला विचारा. बाहेरून आणलेल्या टायरला काही दुकानं जास्त मजुरी लावतात, काही नाही म्हणतात. पोहोचवण्याचा खर्च आणि परत पाठवायची वेळ आली तर तो खर्च कोणाचा, हेही हिशोबात घ्या. सर्वांत कमी आलेला एकूण आकडा हातात आला की मग जवळच्या, विश्वासाच्या दुकानाला तो दाखवा. थोड्या फरकाने जुळवून देत असतील तर तिथेच घ्या. पुढे बॅलन्सिंग पुन्हा करायचं असलं, पंक्चर काढायचं असलं की तेच दुकान कामी येतं.

सवलतीचे काही हमखास प्रसंग असतात. चार टायरच्या संचावर कंपन्या वेळोवेळी रोख परतावा देतात, दोनावर तो मिळत नाही. एखाद्या टायरची नवी पिढी बाजारात आली की जुन्या पिढीचा साठा उतरत्या भावात जातो, आणि तो टायर तितकाच चांगला असतो. बर्फाळ प्रदेशात हिवाळी टायर हंगाम संपताना आणि उन्हाळी टायर हंगाम सुरू व्हायच्या आधी घ्यावेत.

पायरी ७: तारीख आणि टायरचा इतिहास

साइडवॉलवर 'डीओटी' अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा. हा कोड कधी कधी एकाच बाजूला पूर्ण असतो, तेव्हा दोन्ही बाजू बघा. सावलीत नीट ठेवलेला वर्षभर जुना टायर खराब नसतो, पण त्यासाठी भाव कमी मागा. दोन वर्षांच्या पुढचा टायर घेऊ नका. वॉरंटी बनवल्याच्या तारखेपासून आहे की बिलाच्या, हेही विचारून घ्या. बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, नक्षी कितीही शिल्लक असली तरी.

वापरलेले टायर भावात मोहात पाडतात. आतल्या धाग्यांना लागलेला मार, हवेविना चालवल्याने खचलेली साइडवॉल, कडेला केलेलं पंक्चर, यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. रिमसकट जुना संच घेत असाल तर रिमसाठी पैसे द्या आणि टायरची किंमत शून्य धरा.

दोनच टायर घ्यायचे असतील तर एकाच एक्सलवर दोन्ही तंतोतंत सारखे हवेत आणि नवे टायर मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या वळणावर मागचं टोक निसटलं तर गाडी सावरणं फार अवघड असतं. चारही चाकांवर चालणाऱ्या काही हायब्रिडमध्ये मागे स्वतंत्र मोटर असते, पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा शाफ्ट नसतो. काहींमध्ये शाफ्ट असतो आणि तिथे टायरच्या व्यासातला फरक यंत्रणेवर ताण आणतो. मॅन्युअलमध्ये किती फरक चालतो ते दिलेलं असतं, दोन की चार हा निर्णय त्यावर घ्या.

बऱ्याच हायब्रिडमध्ये स्टेपनी नसते. तिच्या जागी बॅटरी गेलेली असते आणि पंक्चर बुजवणाऱ्या द्रवाची बाटली व पंप दिलेला असतो. बाटलीवरची मुदत टायर बदलतानाच तपासा. तो द्रव वापरलेला टायर दुकानात नेला तर आधी सांगा, नाहीतर सेन्सर चिकटून निकामी होऊ शकतो. साइडवॉल फाटली तर बाटली काही करू शकत नाही. म्हणून जुन्या संचातला सर्वांत चांगला टायर टाकून न देता जवळ ठेवला, तर अडचणीत एका टायरसाठी घाईचा भाव मोजावा लागत नाही.

पायरी ८: बसवण्याच्या दिवशी

टायर रिमवर चढण्याआधी चारही तारखा, साइज, भार निर्देशांक आणि अक्षर स्वतः वाचा. चढवल्यावर परत घेत नाहीत.

गाडी जॅकवर घेण्याआधी ती पूर्ण बंद हवी. हायब्रिड 'रेडी', म्हणजे चालू, असताना आवाज येत नाही, पण बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होऊ शकतं. चावी गाडीपासून लांब ठेवा. जॅक कंपनीने दाखवलेल्या जागीच लावायला सांगा. खालून जाणाऱ्या नारिंगी केबल उच्च विद्युत दाबाच्या असतात, त्यांच्यावर किंवा बॅटरीच्या खालच्या पत्र्यावर जॅक टेकू द्यायचा नाही. हायब्रिड नेहमी हाताळणाऱ्या दुकानाला हे सांगावं लागत नाही, इतर ठिकाणी सांगा.

नट मशीनने सैलसर बसवून शेवटी टॉर्क रेंचने आवळावेत. आकडा मॅन्युअलमध्ये असतो, प्रियसला १०३ न्यूटन मीटर. मशीनने कचकन आवळलेल्या नटांमुळे डिस्क वाकडी होते आणि रस्त्यात चाक काढायची वेळ आली तर नट सुटत नाहीत. हवा दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी, टायर थंड असताना. साइडवॉलवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते. अलाइनमेंटच्या कामाचा छापील अहवाल मागा, आधीचे आणि नंतरचे आकडे त्यात असतात.

पायरी ९: त्यानंतरचे काही हजार किलोमीटर

नट ८० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग, गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट: लगेच परत जा, याचे पैसे पुन्हा लागत नाहीत.

नवे टायर लावल्यावर ॲव्हरेज घसरल्याची तक्रार जवळपास प्रत्येक हायब्रिड मालक करतो. त्यातला काही भाग खरा आहे: खोल नक्षीत जास्त रबर दबतं, झिजलेल्या टायरपेक्षा नव्याचा रेझिस्टन्स जास्त असतो आणि झीज होईल तसा तो उतरतो. काही भाग नुसता मोजण्यातला आहे. ८ मिलिमीटरचा टायर २ पर्यंत झिजतो तेव्हा व्यास १२ मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे ६३४.५ मधले जवळजवळ २ टक्के. लहान चाक जास्त फेरे मारतं, म्हणून जुन्या टायरवर ओडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर दाखवत होतं. नव्यावर ते कमी दाखवतं. तेव्हा टायर वाईट निघाला असं ठरवण्याआधी त्या २ टक्क्यांची वजाबाकी करा आणि ३,००० किलोमीटर जाऊ द्या. त्यानंतरही फरक ५ टक्क्यांपेक्षा जास्त राहिला तर आधी हवा आणि टो तपासा.

हवा महिन्यातून एकदा, सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा. तापमान साडेपाच अंश सेल्सियसने उतरलं की दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो, त्यामुळे थंडी पडली की नवे टायरही मऊ होतात. पुढचे-मागचे टायर दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला बदलून लावा आणि प्रत्येक वेळी बिल घ्या, अगदी काम फुकट झालं तरी. किलोमीटरची वॉरंटी देणाऱ्या कंपन्या अदलाबदलीच्या नोंदी मागतात, त्याशिवाय दावा मान्य होत नाही. त्याच कागदावर त्या दिवशीचे बारा आकडे लिहून ठेवा. पुढचा संच घेताना दर १०,००० किलोमीटरची झीज तिथून थेट वाचता येईल.